फायरप्लेस, डिझायनर आणि आपलं अनर्थदंडव्रत



बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्यातल्या तीन-चार जणींनी सध्या घराचं काम काढलं आहे. इथली घरं जुनी. बऱ्याच घरांत दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस आधीपासूनच असते, आणि डिझायनर पहिल्याच भेटीत तिच्याकडे बोट दाखवून विचारते, "हिचं काय करायचं?" मग मला फोन येतो, "अगं, आपल्याला फायरप्लेस चालते का?"

मला हा प्रश्नच पटत नाही. "चालते" म्हटलं की डिझायनर सुचवेल ते बसवून आपण मोकळ्या होतो. "चालत नाही" म्हटलं की विषय संपतो, आणि जानेवारीत वीज गेली की घरातली म्हातारी माणसं स्वेटरवर स्वेटर चढवून कुडकुडत बसतात. विचारायचं ते असं, की ही आग कशासाठी लावायची? याचं उत्तर घरात बसून आधी ठरवायचं आणि डिझायनरला पहिल्या भेटीत सांगायचं. तिसरं ड्रॉइंग आल्यावर नाही.

आमच्या डिझायनरने पहिलं चित्र पाठवलं तेव्हा सासूबाई सांगलीला होत्या. चित्र देखणं होतं. भिंतभर दगडी फरशी, मधे सहा फूट लांबीची उघडी फट, तिच्यात पांढऱ्या खड्यांवर गॅसच्या ज्योतींची रांग, वर टीव्ही. मी ते त्यांना फोनवर पाठवलं. त्यांनी बोटांनी मोठं करून नीट बघितलं आणि विचारलं, "ह्याच्यावर शिजवायचं काय?"

आम्ही सगळे हसलो. पण नंतर चार दिवस तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, कारण त्यांनी तो थट्टेने विचारला नव्हता. त्यांची अर्धी हयात चुलीपुढे गेली. लाकूड चुलीत घालण्याआधी त्या ते जमिनीवर आपटायच्या, सालीखाली बघायच्या, मुंग्या लागलेलं असेल तर उन्हात बाजूला टाकायच्या. शेणी उलटून बघायच्या. धान्य जसं शोधायचं तसंच सरपणही शोधायचं, अशी त्यांच्या सासरची रीत. स्वयंपाक झाला, आंघोळीचं पाणी तापलं, की आग मागे ओढायची. आगीवाचून त्यांचं घर एक दिवस चाललं नसतं, पण आग बघत बसण्यासाठी लावायची ही कल्पनाच त्यांना समजेना.

आपल्या शास्त्रांना ती समजते, आणि तिला नावही आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. प्रमादचर्येत काय येतं? विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वारा घालणं, झाडपाला तोडणं, उगाच हिंडणं आणि हिंडवणं. तिथे सगळा भर "विनाकारण" या शब्दावर आहे. श्रावकाने आग पेटवूच नये असं आचार्य म्हणत नाहीत. गृहस्थाला ते शक्य नाही हे त्यांना ठाऊक होतं. घरकामात होते ती आरंभी हिंसा, ती आपल्याला टळत नाही, म्हणून यत्नाने कमी करायची. पण जिच्यातून काहीच साधत नाही ती आग टाळता येते, आणि म्हणूनच तिचा दोष आपल्या पदरात पूर्ण पडतो. आपल्या श्वेतांबर मैत्रिणींना आचारांगाचं पहिलं अध्ययन आठवेल. तिथे पृथ्वी, पाणी, वनस्पती यांच्याबरोबर अग्नीच्या जीवांचाही विचार वेगळा केला आहे. श्रावकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत तर पहिलं नाव अंगारकर्माचं आहे.

यावर एका मैत्रिणीने मला टोकलं. "तू गाडी चालवतेस, दर दोन वर्षांनी विमानाने सांगलीला जातेस, तळघरात गॅसचं हीटिंग रात्रंदिवस चालू असतं. आणि एका फायरप्लेसवर एवढं?" तिचं म्हणणं खोटं नाही. पण गाडीने मी कुठेतरी पोचते, हीटिंगने पाण्याचे नळ गोठत नाहीत. तिथे कमी कसं करायचं हा प्रश्न असतो. शोभेच्या आगीपुढे "कशाला?" हाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर फक्त "छान दिसतं" एवढंच येतं. मोठी हिंसा टळत नाही म्हणून लहान हिंसा मोजायचीच नाही, हा हिशोब आपण पाणी गाळताना करत नाही, मग इथे का करायचा?

आता लाकडाबद्दल. लाकडाची आग घरात नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि यात मी मधला मार्ग काढायला तयार नाही. सरपणाच्या ओंडक्यात सालीखाली मुंग्या, भुंगेरे, कोळी, अळ्या थंडीभर निजलेल्या असतात. ओंडका ऊबदार घरात आणला की त्या जाग्या होऊन बाहेर येतात, आणि जाग्या व्हायच्या आत ओंडका आगीत गेला तर काय होतं ते सांगायला नको. हे अग्निकायिक जीवांपुरतं राहत नाही, डोळ्यांना दिसणारे त्रस जीव त्यात आहेत. सासूबाईंसारखं आपटून, सोलून बघायला इथे कोणाला वेळ आहे? शिवाय आत खोलवर पोखरत गेलेली अळी आपटून पडत नाही. आपल्या राज्यात वुस्टरला २००८ मध्ये आशियाई लांब शिंगांचा भुंगेरा सापडला. तेव्हापासून त्या भागातलं सरपण बाहेर न्यायला बंदी आहे, कारण लाकडाबरोबर अळ्याही गावोगाव प्रवास करतात. सरकारला झाडांची काळजी आहे, आपल्याला अळीचीही असायला हवी.

काही जणी म्हणतात, "आम्ही भट्टीत वाळवलेली लाकडं आणतो, त्यात किडे नसतात." नसतात हे खरं. भट्टीच्या उष्णतेने ते आधीच मेलेले असतात. आपल्या हातून होण्याऐवजी दुसऱ्याच्या हातून झालं आणि आपण पैसे दिले. कृत, कारित आणि अनुमोदना यांतला फरक आपण पाठशाळेतल्या मुलांना शिकवतो, तोच इथे लावून बघा.

आणि या उघड्या विटांच्या फायरप्लेसने घर तापतं हाही मोठा गैरसमज आहे. तिची बहुतेक उष्णता धुराड्यातून वर जाते, आणि जाताना ती खोलीतली तापलेली हवाही ओढून नेते. समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात, मागच्या खोलीत गारवा वाढतो. इथल्या लोकांनाही हे केव्हाच कळलं होतं. बेंजामिन फ्रँकलिन बॉस्टनचाच. त्याने १७४० च्या दशकात लोखंडी शेगडी काढली ती याच उधळपट्टीला कंटाळून. पुढे काउंट रम्फर्ड, हाही इथल्याच वोबर्नमध्ये १७५३ साली जन्मलेला, त्याने फायरप्लेस उथळ आणि बाजूंना तिरपी करून उष्णता खोलीत परतवायची युक्ती सांगितली. आपल्या फार आधी या दोघांनी विचारलं होतं, की एवढं जाळून हाती काय लागतं.

मग विजेची फायरप्लेस? तिच्यात ज्योत नसते, दिव्यांचा भास असतो आणि खाली एक हीटर. आपल्या बायकांत हिचं फार कौतुक, "संपूर्ण अहिंसक" म्हणून. मी इतकं म्हणणार नाही. न्यू इंग्लंडची निम्म्याच्या आसपास वीज गॅस जाळूनच तयार होते, तेव्हा आग फक्त आपल्या नजरेआड गेली. वीज स्वतः सचित्त की अचित्त यावर साधू-साध्वींमध्येही एकमत नाही, त्यात मी पडत नाही. शिवाय भिंतीतल्या साध्या प्लगवर हा हीटर १५०० वॉटच्या पुढे जात नाही. लहान खोलीला तेवढा पुरतो, दिवाणखान्याला नाही. एका आजींनी मात्र वेगळाच आक्षेप घेतला. यशोधर राजाने पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी त्याला आणि त्याच्या आईला जन्मोजन्म भोगावं लागलं. मग खोटी आग तरी का बघायची, असं त्या म्हणाल्या. कथा आपल्या सगळ्यांना प्रिय आहे, पण इथे ती ताणली जाते असं मला वाटतं. यशोधराच्या मनात मारण्याचा संकल्प होता. नारिंगी दिवा बघणाऱ्याच्या मनात कोणाला जाळायचं नसतं. ज्यांच्याकडे प्रश्न फक्त "बसायला एक ऊबदार कोपरा हवा" एवढाच आहे, त्यांनी हीच घ्यावी आणि तिच्यातला हीटर गरज असेल तेवढाच लावावा.

आमच्याकडे प्रश्न तेवढाच नव्हता. सासूबाई आता वर्षातले सहा महिने इथे असतात, त्यांना संधिवात आहे. डिसेंबर २००८ मध्ये इथे बर्फाचा पाऊस झाला, झाडं आणि तारा बर्फाच्या वजनाने मोडून पडल्या, लाखो घरांची वीज गेली, आणि काही गावांत ती यायला दोन आठवडे लागले. तळघरातलं हीटिंग गॅसवर चालत असलं तरी त्याचा पंखा किंवा पंप विजेवर चालतो. वीज गेली की तेही गेलं, आणि विजेची फायरप्लेसही गेली. अशा वेळी एक खोली तरी राहण्याजोगी ठेवेल अशी आग, हे आम्हाला खरं प्रयोजन वाटलं. त्याशिवाय डिसेंबरात इथे सव्वाचारला सूर्य मावळतो. आपलं जेवण त्याआधी उरकलेलं, मग झोपेपर्यंतची पाच तासांची संध्याकाळ. त्यात सासूबाईंचं स्वाध्याय, मुलांचा अभ्यास, सगळं एकाच खोलीत होतं. तेवढीच खोली तापवून बाकी घराचं हीटिंग उतरवता आलं तर एकूण जाळणं कमी होतं. हे आम्ही ठरवलं आणि मग पुन्हा डिझायनरकडे गेलो.

इथे मला आपल्या बायकांच्या एका सवयीबद्दल बोलायचं आहे. हॉटेलात गेलो की आपण वेटरला बिनदिक्कत सांगतो: कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, अंडं नको, आणि पुन्हा एकदा विचारून खात्री करतो. डिझायनरपुढे मात्र आपली जीभ अडखळते. ती शिकलेली, तिचे तासाचे दर मोठे, तिला आपलं "किडेमुंग्यांचं" बोलणं कसं वाटेल म्हणून आपण "बघू, विचार करू" म्हणत राहतो. मग ती बिचारी तीन वेळा चित्रं काढते, आपण तीन वेळा नाक मुरडतो, आणि शेवटी कंटाळून जे समोर येईल त्याला हो म्हणतो. डिझायनरला अटींचं वावडं नसतं. कोणाच्या घरी रांगतं मूल असतं, कोणाला दम्याचा त्रास असतो, तिचं कामच अटीतून वाट काढण्याचं आहे. तिला "आमच्या धर्मात बसत नाही" एवढंच सांगितलं तर तिला काही काढता येत नाही. नेमकं काय हवं ते तिच्या कामाच्या भाषेत सांगावं लागतं.

मी तिला आपल्या मंदिरातल्या दिव्यापासून सांगायला सुरुवात केली. आरतीचा दिवा असला तरी त्यावर काच ठेवतो, कारण उजेडाला भुलून येणारे चिलट-पतंग ज्योतीत पडू नयेत. मला तशीच आग हवी, म्हटलं, काचेच्या आतली. ती लगेच म्हणाली, "म्हणजे डायरेक्ट व्हेंट." या प्रकारात समोर पक्की बंद काच असते, जळायला लागणारी हवा नळीने बाहेरून येते आणि धूर दुसऱ्या मार्गाने बाहेरच जातो. खोलीतली हवा आणि खोलीतला कीटक, दोन्ही आत जात नाहीत. आमची गरज तिच्या शब्दकोशात आधीपासून होती, फक्त आम्ही ती सांगायची बाकी होती. काच मात्र भयंकर तापते. लहान मुलं हात लावतात म्हणून २०१५ पासून इथल्या नियमांनी अशा काचेपुढे जाळीचं संरक्षण सक्तीचं केलं आहे. जाळीमुळे ज्योत नीट दिसत नाही म्हणून काही जण ती काढून ठेवतात. कृपा करून काढू नका.

दुकानदार व्हेंट नसलेला गॅसचा प्रकारही दाखवतील, धुराडंच नको म्हणून स्वस्त पडतो. त्यात जळलेल्या गॅसचं सगळं खोलीतच सुटतं, ओलसुद्धा. तो आम्ही बघितलासुद्धा नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट, जी कोणी आपणहून सांगत नाही, ती पायलटची. बऱ्याच गॅस फायरप्लेसमध्ये एक लहानशी ज्योत कायम तेवत असते, मोठी आग पेटवायला. तुम्ही फायरप्लेस बंद केली असं तुम्हाला वाटतं, पण ती बारा महिने चोवीस तास जळत असते. जुलैमध्येही! ती ताशी साधारण ६०० ते १००० बीटीयू घेते. मधला ८०० चा आकडा धरा. वर्षाचे ८,७६० तास. म्हणजे झाले सत्तर लाख बीटीयू. आता ताशी २५,००० बीटीयूची फायरप्लेस तुम्ही थंडीतल्या साठ संध्याकाळी दोन-दोन तास लावलीत, तर होतात तीस लाख. ज्या आगीपुढे तुम्ही बसलात तिच्या दुपटीहून जास्त गॅस अशा ज्योतीने खाल्ला, जिच्याकडे कोणी बघितलंही नाही. अनर्थदंडाचं याहून स्वच्छ उदाहरण मला सुचत नाही. उपाय सोपा आहे. इलेक्ट्रॉनिक ठिणगीने पेटणारा पायलट मागायचा, जो आग लावताना लागतो आणि आगीबरोबर विझतो. त्याला बॅटरीची जोड आहे ना हेही विचारायचं, म्हणजे वीज गेली तरी पेटेल. हे दोन प्रश्न डिझायनरला विचारा. तिला ठाऊक नसेल तर ती फायरप्लेसच्या दुकानातल्या जाणकाराला विचारेल. घरी जुनी गॅस फायरप्लेस असेल तर आजच खाली वाकून बघा, निळी ज्योत दिसते का. उन्हाळ्यापुरता तरी पायलट बंद करता येतो.

आकाराचंही तसंच. सहा फुटांची रांग आम्ही नाकारली, कारण ती खोलीला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त तापवते, मग लोक खिडकी उघडून बसतात. (हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, फेब्रुवारीत.) खोलीचं माप देऊन तेवढ्याच ताकदीची घेतली, थर्मोस्टॅट लावला आणि तासाभराने आपोआप विझेल असा टायमर. डिझायनरला तो टायमर भिंतीच्या सौंदर्याला बाधक वाटत होता. तो मी दाराजवळ लावून घेतला, जाता-येता दिसेल असा.

तिची एक कल्पना फार प्रेमाची होती, आणि ती नाकारताना मलाच वाईट वाटलं. आमच्या घरी देव्हारा कुठे ठेवायचा यावर बोलणं चाललं असताना तिने सुचवलं, की फायरप्लेसच्या वर जो दगडी कठडा असतो, तिथे भिंतीत कोनाडा करून मूर्ती ठेवू, खालून प्रकाश येईल. तिच्या दृष्टीने घरातली ती सगळ्यात मानाची जागा. पण माणूस आगीपुढे बसला की काय करतो? पाय पसरतो. थंडीत सगळं घर भगवंतांकडे पाय करून बसणार! हे सांगितल्यावर ती क्षणभर गप्प झाली आणि मग खळखळून हसली. देव्हारा आता पूर्वेच्या खिडकीजवळच्या शांत खोलीत आहे.

सगळ्यात जास्त वाद झाला तो जुन्या धुराड्यावरून. सोपा आणि स्वस्त मार्ग असा होता, की नवी बंद काचेची पेटी जुन्या विटांच्या खोबणीत सरकवायची, तिच्या धातूच्या नळ्या जुन्या धुराड्यातून वर न्यायच्या आणि वरून टोपी बसवायची. नव्वद टक्के लोक हेच करतात असं कंत्राटदार म्हणाला. पण धुराडं तपासायला आलेल्या माणसाने आत विजेरी मारून दाखवलं. भिंतीला काटक्यांचं अर्ध्या बशीएवढं घरटं चिकटलेलं होतं, रिकामं. चिमणी स्विफ्ट नावाच्या पक्ष्याचं. आपल्याकडच्या पाकोळीच्या कुळातला हा पक्षी. पाकोळीसारखाच त्याला फांदीवर बसता येत नाही, तो उभ्या खरबरीत भिंतीला लटकतो. काटक्या स्वतःच्या लाळेने चिकटवून घरटं करतो. पूर्वी पोकळ झाडांच्या ढोलीत राहायचा, तशी झाडं तुटली तेव्हा माणसाच्या धुराड्यात आला. मेच्या सुरुवातीला इथे येतो, पिल्लं वाढवतो, आणि उन्हाळा सरताना दक्षिण अमेरिकेकडे निघतो. त्याची संख्या गेल्या काही दशकांत खूप घटली आहे. बरीच जुनी धुराडी आता टोप्या घालून बंद झाली, हे त्याचं एक कारण सांगतात. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने अंडी-पिल्लं असलेलं घरटं काढायला बंदी आहे. रिकामं असताना टोपी घालायला कायदा आडवा येत नाही.

आमचे हे म्हणाले, आपण काही त्यांना मारत नाही, फक्त दार लावतो. मला ते पटलं नाही. मेमध्ये ते इतक्या लांबून त्याच धुराड्यावर येणार, घिरट्या घालणार. आपल्या कोनाड्यात पाकोळ्यांनी घर केलं तर ते मोडायचं नाही, ही रीत सासूबाईंकडे आहे. आणि इथे तर पर्याय हाताशी होता. नवी फायरप्लेस मागच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला घ्यायची, तिची नळी सरळ भिंतीतून बाहेर काढायची, आणि जुनं धुराडं पक्ष्यांना सोडायचं. खर्च काही हजार डॉलरनी वाढला. त्यावर आठवडाभर घरात बोलणं झालं, मोठ्या आवाजातसुद्धा. शेवटी सासूबाईंनी फोनवरून निकाल दिला: त्यांना आणायच्या तिकिटाचे पैसे यंदा त्यात घाला, मी पुढच्या वर्षी येते. त्यानंतर हे काही बोलले नाहीत. (तिकीट आम्ही काढलंच.)

तुमच्या घरी असं धुराडं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. धुराडं आतून विटांचं किंवा मातीच्या नळीचं खरबरीत असेल तरच ते पक्ष्यांसाठी उघडं ठेवावं. आत धातूची गुळगुळीत नळी असेल तर त्यांना धरायला काही नसतं, ते आत पडून अडकतात. तिथे टोपी घालणंच दयेचं. आणि सफाई हिवाळ्यात करून घ्या, ते इथे नसताना. खालची झडप मात्र घट्ट बंद हवी. एखादं पिल्लू खोलीत उतरू नये आणि घरची ऊबही वर जाऊ नये.

भिंतीतून निघणाऱ्या नळीचंही एक पथ्य आहे. हिमवादळात बर्फाचा ढीग भिंतीला लागून चढतो आणि नळीचं तोंड बुजतं. मग विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. याच राज्यात २००५ मध्ये अशा बुजलेल्या नळीमुळे एका लहान मुलीचा जीव गेला, आणि त्यानंतर घरोघरी कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म सक्तीचे झाले. डिझायनरला नळी उंचावर घ्यायला सांगा आणि वादळानंतर फावडं घेऊन आधी तिकडे जा. गॅसचं काम इथे परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं लागतं, ओळखीच्या हौशी माणसाकडून नाही. आपल्यातल्या काहींना पैसे वाचवायचा मोह होतो म्हणून लिहिते.

सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा आग लावण्याआधी तंत्रज्ञाला बोलवा. उन्हाळ्यात कोळी पायलटच्या बारीक नळीत जाळं विणतात, हे इतकं नेहमीचं आहे की त्याच्या तपासणीत ते असतंच. आमच्याकडे येणाऱ्याला मी मऊ ब्रश आणि एक रिकामी डबी देते आणि व्हॅक्यूम वापरू नका सांगते. पहिल्या वर्षी तो माझ्याकडे बघत राहिला. यंदा त्याने आल्या आल्या विचारलं, "डबी कुठे आहे?"

एक गोष्ट मात्र आमच्या घरी अजून सुटलेली नाही. पाहुणे आले, विशेषतः मुलांचे इथले मित्र, की ते काचेकडे बघून म्हणतात, "लावा ना." खोली ऊबदार असते, कारण काही नसतं. माझ्या मते लावू नये. मुलगी म्हणते, पाहुण्याचं मन मोडणं हीही हिंसाच ना? सासूबाई त्यावर काही बोलत नाहीत. त्या उठून पाहुण्याच्या हातात गरम दुधाचा पेला देतात, आणि अजूनपर्यंत तरी दुधानंतर कोणी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.